आवरण्याची ताकद

देऊळघाट गावात कुणाला तोंडाचा कॅन्सर निघाला, की 'टाटाला कधी न्यायचं?' या प्रश्नापाठोपाठ दुसरा येतो: 'प्रतिकारशक्तीच कमी पडली का?' मग काढे आणि पावडरींचे डबे घरात येतात. हा दुसरा प्रश्नच मुळात चुकीचा आहे.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पुष्कळदा पांढऱ्या पेशी गाठीभोवती आणि आतही दाटीने जमलेल्या दिसतात. म्हणजे फौज आलेली असते. पण तिच्यात मारणाऱ्या टी पेशींबरोबर त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशीही असतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. २०२५ चं नोबेल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत मिळालं. या पेशी जन्मतःच बिघडलेल्या असतील, तर शरीर तान्हेपणीच स्वतःवर उलटतं. राजूर घाट उतरताना एसटीचं इंजिन किती दमदार आहे यापेक्षा ब्रेक लागतो का, हे महत्त्वाचं.

कॅन्सर नेमका शरीराच्या या आवरण्याच्या शहाणपणाचा फायदा उठवतो. रासायनिक संदेश सोडून तो नियामक पेशींना जवळ बोलावतो. टी पेशींना वाढायला लागणारं इंटरल्युकिन-२ त्या शोषून घेतात आणि मारायला आलेली फौज जागच्या जागी लुळी पडते. अशा वेळी सरसकट 'शक्ती वाढवून' काय साधणार?

नव्या औषधांची दिशा वेगळी आहे: ती आवर सोडवतात. टी पेशीवरचा पीडी-१ हा थांबण्याचा खटका निवोलुमॅब हे औषध झाकून टाकतं. ते महागडं. म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त गोळ्यांना जोडलं. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

पण आवर सुटला की तो फक्त गाठीपुरता सुटत नाही. आतडी, फुप्फुसं, थायरॉइड यांच्यावरही हल्ला होऊ शकतो. म्हणून रुग्णाच्या अशक्तपणाला बोल लावू नये आणि डब्यांवर पैसे घालू नयेत. डॉक्टरांना विचारायचं ते हे: हे औषध कुठला आवर सोडवतं, आणि जुलाब लागले किंवा धाप लागली, तर किती तासांत तुमच्याकडे यायचं?