मदतीची मुदत

भोर तालुक्यातल्या आंबवड्यात नागेश्वराच्या देवळाकडे जाताना संस्थानकाळातला झुलता पूल लागतो. सुटीच्या दिवशी पुण्याची मंडळी त्यावर उभी राहून फोटो काढतात. त्यातली थोडी पुढे जाऊन कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्यांपुढे हात जोडतात. कान्होजींची गोष्ट आमच्या मावळात पोराटोरांना पाठ आहे. साल १६५९. अफजलखान चालून आलेला, आदिलशहाचं फर्मान हातात पडलेलं, आणि कान्होजी पाची लेकांना घेऊन महाराजांपुढे उभे राहिले, वतनावर पाणी सोडलं. इथपर्यंत सगळे सांगतात. जेधे करीन्यातला, म्हणजे त्या घराण्याच्या जुन्या हकीकतीतला, पुढचा तपशील मात्र फारसा कुणाच्या भाषणात येत नाही. महाराजांनी नुसती पाठ थोपटली नाही, तर कान्होजींचा कबिला मुलूख सोडून सुरक्षित जागी, तळेगावला, हलवायला सांगितलं. ज्याने आपल्या शब्दावर घरदार पणाला लावलं, त्याच्या बायकापोरांची सोय आधी, खानाचं काय करायचं ते मग.

राज्यकारभाराची ही रीत पुढे किती टिकली, हा या आठवड्याचा विषय.

घरदार सुटलेल्या माणसाला सरकारने चार पैसे द्यावेत, हाताला काम द्यावं, यावर आज सहसा दुमत नसतं. घासाघीस होते ती किती दिवस द्यावं यावर. अमेरिकेने १९८० साली निर्वासितांसाठी कायदा केला. सरकारी अनुदानातून तिथल्या स्वयंसेवी संस्था भाषेचे वर्ग चालवतात, नोकरी शोधून देतात, पोराला शाळेत घालायला सोबत जातात. जोडीला रोख मदत असते. ती सुरुवातीला ३६ महिन्यांपर्यंत मिळे. दोन वर्षांत मुदत १८ महिन्यांवर आली, मग १२, आणि १९९१ मध्ये ८. मध्यंतरी, २०२२ साली, ती पुन्हा १२ झाली आणि २०२५ मध्ये एकदम ४ वर आली. परक्या देशात बोली जिभेवर बसायला, दुःख पचायला, पहिला पगार हातात पडायला माणसाला जेवढा वेळ १९८० साली लागत होता, तेवढाच आजही लागतो. तो काही नवव्या हिश्शावर आलेला नाही. आटली ती देणाऱ्याची सबुरी.

आपल्याकडे फाळणीनंतरची पहिली काही वर्षं या बाबतीत सरकारने कसूर केली, असं म्हणता येणार नाही. सप्टेंबर १९४७ मध्येच केंद्रात मदत आणि पुनर्वसनाचं वेगळं खातं उभं राहिलं. निराधार स्त्रियांसाठी त्यातच एक विभाग निघाला, त्याचं काम रामेश्वरी नेहरूंनी पाहिलं. उखडलेल्या व्यापाऱ्या-कारागिरांना कर्ज देण्यासाठी १९४८ साली स्वतंत्र संस्था कायद्याने स्थापन झाली. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत लाखभर सिंधी माणसं आली आणि १९४९ साली त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. पुण्याजवळ पिंपरीला कॅम्प पडला. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या ज्या छावणीत १९४३ ते १९४८ पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, राहून गेले होते, तिथेही पुढे सिंधी आले. आज तिथे गांधीनगरची कापडपेठ आहे. बराकीतून बाजारपेठ उभी करणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

पण या कौतुकात एक खोच आहे. जो उभा राहिला त्याची गोष्ट आपण सांगतो आणि मदत सार्थकी लागली म्हणतो. जो उभा राहू शकला नाही त्याचं काय? बंगालमध्ये फाळणीनंतर म्हातारे, अपंग आणि कुणीच कर्तं न उरलेल्या बाया यांच्यासाठी छावण्यांचा वेगळा वर्ग करावा लागला. सरकारी कागदावर त्या वर्गाचं नाव होतं ‘पर्मनंट लायबिलिटी’. नवरा दंगलीत गेलेली, दोन लेकरं पदराशी असलेली बाई, आणि तिची नोंद हिशेबाच्या वहीत कायमच्या देण्याच्या बाजूला. नदिया जिल्ह्यातल्या कूपर्स कॅम्पसारख्या छावण्यांत माणसं वर्षानुवर्षं त्याच नोंदीखाली जगली. नोंद करणारा कारकून दुष्ट नव्हता. त्याच्यापुढे दोनच रकाने होते: कमावू शकणारे आणि न कमावू शकणारे.

आता भोरकडे येतो. इथे कुणी सीमा ओलांडून आलं नाही. पाणीच घरात आलं. येळवंडीवर भाटघरचं धरण १९२८च्या सुमारास पुरं झालं, साडेतेवीस टीएमसीचं. त्याआधीच, १९२१ साली, शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या पुढाकाराने धरणाविरुद्ध सत्याग्रह पेटला होता. तो हरला, पण निदान इतिहासात त्याची नोंद तरी झाली. भाटघरच्या काठची गावं डोंगराच्या अंगाला वर सरकली, त्यांच्या सरकण्याची नोंद झाली ती तलाठ्याच्या दप्तरात. कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं ते आपल्या हाताने, यांच्या शेतावर सोडलं ते दुसऱ्यांनी. पुढे नीरेवर देवघरला पावणेबारा टीएमसीचं धरण झालं, वेल्ह्यात गुंजवणी अडवली. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी ओसरलं की कांबरेश्वराचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं, ते बघायला गर्दी होते, रील निघतात. त्याच दिवसांत काठावरच्या वाड्यांना टँकर लागतो. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही आमच्याकडे म्हण राहिलेली नाही, मे महिन्याची बातमी आहे.

निर्वासितांसाठी देशाने काही आठवड्यांत खातं उभं केलं. धरणग्रस्तांसाठी महाराष्ट्राला साधा कायदा करायला १९७६ उजाडावं लागलं. बाबा आढावांसारख्यांनी परिषदा भरवल्या, मोर्चे काढले, तेव्हा तो झाला. पुढे १९८६ आणि १९९९ साली त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्या. मला हे कोडं पडतं. सिंधमधून आलेल्या माणसाचं आपण काही घेतलेलं नव्हतं, त्याला दिलं ती माणुसकी. भोरच्या माणसाचं आपण शेत घेतलं आणि त्यावर बारामती, फलटण, इंदापूरचा ऊस पिकवला. त्याला जे द्यायचं ते दान नव्हे, देणं आहे. शेजाऱ्याकडून पायलीभर तांदूळ उसने आणले, तर ते परत करताना आपण त्याला ‘आधी गरजू असल्याचा दाखला आण’ म्हणतो का? इथे म्हणतो. लाभक्षेत्रात पर्यायी जमीन हवी असेल, तर मिळालेल्या मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम आधी भरायची, अशी अट आहे. ती मुदतीत भरली नाही म्हणून अडकलेल्या फायली जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

जमीन मिळाली तरी प्रश्न सुटतो असं नाही. मावळातला माणूस भात लावणारा. तरवा भाजायचा, आवण उपटायचं, गुडघाभर चिखलात लावणी करायची, वरकसावर नाचणी-वरई घ्यायची, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. त्याला पूर्वेकडच्या सपाट मुलखात काळी जमीन दिली आणि ऊस लाव म्हणून सांगितलं. पाण्याची पाळी कशी मागायची, कारखान्याची नोंद कशी करायची, सोसायटीचं सभासदत्व कोण देणार, हे कोण शिकवणार? कायद्यात नव्या गावठाणाला १८ नागरी सुविधा लिहिल्या आहेत. रस्ता, शाळा, समाजमंदिर, स्मशानभूमीसुद्धा. पहिली दोन-तीन वर्षं बाजूला बसून हे सगळं समजावून सांगेल असा एक माणूस त्या यादीत नाही. अमेरिकेच्या चार महिन्यांवर मी वर टीका केली, पण तिथे त्या चार महिन्यांत असा माणूस तरी असतो.

रोजगाराचं म्हणाल, तर आपल्याकडे दाखला मिळतो. प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र. त्यावर सरकारी भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण, वयाची सवलत ४५ वर्षांपर्यंत. कागदावर हे बरंच उदार आहे. पण दाखला एका कुटुंबाला एक. आणि कुटुंब म्हणजे संपादनाच्या वेळी ज्याच्या नावावर जमीन होती त्याचं. तो आजोबा केव्हाच गेला. खाली चार लेक, त्यांची अकरा पोरं, आणि दाखला एक. राज्याने घेतलेल्या जमिनीची भरपाई अशी काही बेतली आहे की ती वाटून घेताना घरच फुटावं.

आंबवड्याच्या स्टँडवर यावर बोलणं निघालं. बुडीत गावातले एक तात्या, पुनर्वसन दूर पूर्वेला झालेलं, तरी नागेश्वराला न चुकता येतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यात जुना सात-बारा, निवाड्याची नक्कल, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, शंभराचा स्टँप. भाच्याने विचारलं, “काय मामा, दाखल्याचं झालं का?”

“अरे, आक्काची सही राहिलीय. वारस म्हणून तिची ना-हरकत लागती. ती म्हणती, जमिनीच्या वेळेला कुणी विचारलं नाही, आता बरी आठवण झाली.”

“मग खरंच हाय की तिचं.”

“खरं हाय रे. पण आबाचा पोरगा चाळिशीत आला. अजून पाच वर्षं, मग दाखला घेऊन काय चुलीत घालायचा?”

भाचा गप्प बसला नाही, ही त्याची कमाल. म्हणाला, “मामा, ह्या दाखल्याची नोकरी लागलेला माणूस तुम्ही किती बघितलात?” तात्यांनी बराच विचार करून एक नाव सांगितलं, जलसंपदातला शिपाई, आणि तोही निवृत्त झालेला.

आक्काचं म्हणणं मला तात्यांपेक्षा जास्त पटतं. पण आक्काला आणि तात्याला एकमेकांसमोर उभं करणारा नियम त्या दोघांनी केलेला नाही. घरटी एक ही मर्यादा खर्च आवरावा म्हणून आली असणार, आणि खर्च आवरणं गैर आहे असंही मी म्हणत नाही. सरकारची तिजोरी म्हणजे अक्षयपात्र नव्हे. तरी कालव्याचं पाणी दर वर्षी येतं, त्याला कुणी ‘एका शेताला एकदाच’ अशी अट घातलेली नाही. ज्या धरणाचा लाभ पिढ्यान्‌पिढ्या चालतो, त्याच्यासाठी उठलेल्याचं देणं एका पिढीत, एका नावावर आणि ४५व्या वाढदिवशी कसं फिटतं?

मुदत ठरवायची तर ती लाभाच्या बाजूनेही ठरवता येईल. धरणाचं पाणी विकलं जातं तोवर, पाणीपट्टीतला ठरीव हिस्सा पुनर्वसित गावांच्या मुलामुलींच्या शिक्षणावर, आयटीआयवर, नर्सिंगवर, नव्या मुलखातल्या शेतीच्या मार्गदर्शनावर लावता येईल. मुलगा-मुलगी भेद न करता, घरटी एक न म्हणता. यासाठी परकीय मदत लागत नाही, नवं खातं लागत नाही. पाणी घेणाऱ्याने आपण कुणाचं पाणी घेतो ते मान्य करावं लागतं, आणि आमच्या राजकारणात नेमकं तेच महाग आहे. २०१९ मध्ये नीरा-देवघरचं पाणी बारामतीला की माळशिरस-सांगोल्याला यावर केवढा गदारोळ झाला. त्या वादात, ज्याच्या जमिनीवर ते धरण झालं त्या हिर्डोशीच्या खोऱ्यातल्या माणसाला कुणी बोलावलं नव्हतं.

तात्यांची नात पुण्यात नर्सिंगला आहे. प्रवेशाच्या अर्जावर ‘प्रकल्पग्रस्त आहात काय?’ असा रकाना होता, ते सांगताना तात्यांना हसू आलं. पोरीने ‘नाही’ वर खूण केली. दाखला चुलत्याच्या पोराच्या नावावर व्हायचा आहे, आणि आक्काची सही अजून आलेली नाही.