धाब्याला कठडा हवा



मोशेच्या नियमशास्त्रात एक छोटासा नियम आहे. वाचताना आपण सहसा तिथे थांबत नाही. अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात तो येतो. नवे घर बांधणाऱ्याला तिथे सांगितले आहे की, छताला कठडा बांध. तुझ्या छतावरून कोणी पडून मेला, तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. इस्राएली लोकांची घरे सपाट छताची असत. आपल्या खान्देशातली धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत आणि उन्हाळ्यात धाब्यावर अंथरूण टाकून जे झोपले आहेत, त्यांना हा नियम वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या नियमात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जो पडला त्याला हा नियम काहीच विचारत नाही. 'नीट पाहून चालायचे होते,' असे तो म्हणत नाही. तो घरधन्याला विचारतो, 'तू कठडा का बांधला नाहीस?' म्हणजे एकाच्या जिवाची राखण देवाने दुसऱ्यावरही सोपवली आहे. आज या नियमाची आठवण करण्यास कारण आहे.

4 जून 2024 ची संध्याकाळ भडगाव आणि अमळनेर विसरलेले नाही. रशियातील वेलिकी नोव्हगोरोद या शहरात वोल्खोव नदीत चार वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांपैकी एक आपल्या भडगावचा होता. कॉलेज आटोपून ती मुले नदीकाठी फिरायला गेली होती. एक विद्यार्थिनी पाण्यात अडचणीत सापडली आणि तिला वाचवायला इतर धावले, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. त्यांच्यापैकी एक जण त्या वेळी घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. पाण्याबाहेर ये, पाण्याबाहेर ये, असे घरचे विनवत होते आणि डोळ्यांदेखत पाण्याने त्यांना ओढून नेले.

या मुलांना दोष देण्यासाठी आपण ही आठवण काढत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण दगावले, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभू येशूने विचारला आणि स्वतःच 'नाही' म्हणून उत्तर दिले. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हे आहे. मेलेल्यांचा न्याय करू नका, तुम्ही जे जिवंत आहात ते जागे व्हा, असा त्या उत्तराचा रोख आहे. त्या घरांसाठी आपण प्रार्थना करावी. त्यांच्या दुःखातून आपण एवढेच शिकावे की, मोबाईल आपली नजर हजारो किलोमीटर दूर पोहोचवतो, पण आपला हात पोहोचवत नाही. पाहणारे कितीही असले तरी कठड्याचे काम त्यांच्याने होत नाही.

मात्र अलीकडे पाहणाऱ्यांसाठीच जीव धोक्यात घालण्याची रीत पडली आहे. जुलै 2023 मध्ये अजिंठ्याच्या सप्तकुंडात सेल्फी घेताना एक तरुण घसरून पडला. पोहता येत होते म्हणून तो तगला आणि त्याला वर काढता आले. 17 जून 2024 रोजी वेरूळजवळच्या सुलीभंजन येथे दत्तमंदिराच्या डोंगरावर एक 23 वर्षांची तरुणी रीलसाठी मोटारीच्या चाकामागे बसली. गाडी मागे जाता जाता दरीत कोसळली आणि ती गेली. समोर मोबाईलवर चित्रीकरण चालू होते. पुढच्याच महिन्यात, 16 जुलैला, रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर प्रवासाचे व्हिडिओ करणारी एक तरुणी चित्रीकरण करताना सुमारे 300 फूट खोल घळीत पडली. बचाव पथकांनी कित्येक तास झुंजून तिला वर आणले, पण ती वाचली नाही. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळात सेल्फी घेताना जगभरात 259 जण दगावल्याचे त्यांना बातम्यांतून आढळले. सर्वाधिक मृत्यू आपल्या भारतात झाले होते आणि सर्वात मोठे कारण होते पाण्यात बुडणे.

असे का होते? ही मुले मूर्ख असतात म्हणून नव्हे. सेल्फी घेणाऱ्याची पाठ दरीकडे असते आणि डोळे पडद्यावर असतात. पाय कुठे पडतो आहे हे त्या पडद्यावर दिसत नाही. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते. वाहते पाणी नुसते गुडघाभर असले तरी धडधाकट माणसाचे पाय उचलते. धबधब्याच्या वर, डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळला की खाली उभ्या असलेल्यांना काही कळायच्या आत लोंढा येतो. या सगळ्यात 'अजून एक पाऊल मागे घे, फोटो चांगला येईल' असे सांगणारा मित्र समोर असतो.

आता शुभवर्तमानाकडे वळू. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी आपण प्रभूच्या परीक्षेची घटना ऐकतो. मत्तय सांगतो की, सैतानाने येशूला येरुशलेमला नेले, मंदिराच्या उंच टोकावर उभे केले आणि खाली उडी टाकायला सांगितले. उडी टाकायला कडे तर अरण्यातही होते. येशू चाळीस दिवस तिथेच होता. मग सैतानाने त्याला मंदिरावर का नेले? आम्हाला वाटते, त्याचे कारण असे की अरण्यात पाहणारे कोणी नव्हते. मंदिर ही येरुशलेममधली सर्वात गजबजलेली जागा. तिथे उडी टाकली असती, देवदूतांनी झेलले असते, तर एका क्षणात सगळ्या शहराने नाव घेतले असते. वधस्तंभ नको, सेवा नको, शिष्यांना घेऊन गावोगाव फिरणे नको. फक्त एक उडी आणि भोवती गर्दी!

सैतानाने त्यासाठी पवित्र शास्त्राचाच आधार घेतला. देव तुला सांभाळील, या स्तोत्र 91 मधील वचनाकडे त्याने बोट दाखवले. आपणही नाही का म्हणत, 'काही होत नाही, देव आहे ना'? गळ्यात क्रूस आहे, गाडीत जपमाळ टांगलेली आहे, मग भीती कसली? प्रभूने उत्तर दिले की, देवाची परीक्षा पाहायची नसते. हे उत्तर त्याने अनुवादाच्या पुस्तकातून घेतले. आपला कठड्याचा नियमही त्याच पुस्तकातला आहे. देवावर भरवसा ठेवणारा माणूस कठडा बांधतो. देवाची परीक्षा पाहणारा कठडा ओलांडतो आणि मग वर पाहतो.

आणखी एक गोष्ट. परीक्षेच्या अगदी आधी येशूचा बाप्तिस्मा झाला होता. हा माझा प्रिय पुत्र, असे पित्याने स्वर्गातून म्हटले होते. ज्याला पित्याने प्रिय म्हटले आहे, त्याला गर्दीच्या शिक्क्याची गरज उरत नाही. प्रिय तरुण मुलामुलींनो, तुमच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तेच तुमच्याविषयीही म्हटले गेले आहे. एका रीलला हजार लाइक मिळाल्याने तुमची किंमत वाढत नाही आणि दहाच मिळाल्याने ती कमी होत नाही.

कोणी विचारील, चर्चला धाडसाचे वावडे आहे काय? मुळीच नाही. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी दोन तरुणांना संतपद बहाल केले. त्यांपैकी पिएर जॉर्जिओ फ्रासाती हा इटलीतील तुरीनचा गिर्यारोहक. तो मित्रांना घेऊन डोंगर चढे, वाटेत प्रार्थना करी आणि गावात परतला की गरिबांच्या घरी औषध-अन्न घेऊन जाई. 1925 मध्ये वयाच्या 24 व्या वर्षी तो आजाराने वारला. कड्यावर उभी असलेली त्याची छायाचित्रे आजही जगभर पाहिली जातात. दुसरा कार्लो अकुतिस. पंधराव्या वर्षी, 2006 मध्ये, तो देवाघरी गेला. पवित्र ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती त्याने संगणकावर गोळा करून जगापुढे ठेवली. म्हणजे डोंगर हे पाप नाही, छायाचित्र पाप नाही आणि इंटरनेटही पाप नाही.

आणि जीव धोक्यात घालणे? तेही नेहमीच पाप नाही. जानेवारी 2016 मध्ये मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी घेताना तीन मुली समुद्रात पडल्या. काठावरच्या एका माणसाने त्यांच्यासाठी पाण्यात उडी घेतली. दोघी वाचल्या, एक मुलगी आणि तो माणूस बुडाले. मित्रासाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे प्रभूचे सांगणे त्याने जगून दाखवले. पाणी तेच होते, धोका तोच होता. पण त्याने उडी घेतली ती दुसऱ्याच्या जिवासाठी. जीव ही देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे. प्रेमासाठी ती खर्च करता येते. तमाशासाठी उधळता येत नाही. आपल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात पाचव्या आज्ञेचे विवेचन करताना हेच सांगितले आहे. नशेमुळे किंवा वेगाच्या हौसेपायी स्वतःला व इतरांना संकटात लोटणे हा गंभीर दोष आहे, असे त्याचा परिच्छेद 2290 म्हणतो.

मग कठडा कोणी बांधायचा? शासन आपल्या परीने बांधते. वांद्र्याच्या घटनेनंतर मुंबई पोलिसांनी अनेक ठिकाणे सेल्फीसाठी धोक्याची म्हणून ठरवली. पावसाळ्यात धबधब्यांवर मनाईचे फलक लागतात. पण फलक ओलांडणाऱ्याचा व्हिडिओ आपणच आवडीने पाहतो आणि पुढे पाठवतो. इथे आपण सर्वांनी थांबून विचार करावा. धोक्याच्या रीलला आपण दिलेला प्रत्येक अंगठा म्हणजे कठड्याची एक वीट काढून घेणे होय. 'वा, काय डेअरिंग!' असे लिहिणारी आत्या, मामा, शिक्षक आणि प्रार्थनागटातला सोबती हे सगळे त्या छताचे मालक आहेत. ज्याच्या हातात चित्रीकरणाचा मोबाईल असतो, तो तर सर्वात जवळचा कठडा. 'मी काढणार नाही, आधी मागे ये,' एवढे त्याने म्हटले तरी एक घर वाचू शकते.

आपल्या गावापुरते बोलायचे तर पाटणादेवी, कन्नडचा घाट, अजिंठ्याचा परिसर आणि सातपुड्यातील मनुदेवी ही आपली पावसाळ्यातली ठिकाणे. तिथे जरूर जावे. देवाची निर्मिती पाहावी. पण रेलिंगच्या आत राहावे. पाणी अचानक गढूळ झाले किंवा वाढू लागले की सामान सोडून वर यावे. आपल्या गिरणेची तर वेगळीच गोष्ट आहे. गिरणा धरण आहे नांदगाव तालुक्यात. तिथून सोडलेले पाणी काही तासांनी आपल्याकडे पोहोचते, तेव्हा इथे आभाळ स्वच्छही असू शकते. वाळू उपसलेल्या जागी पात्रात खोल खड्डे असतात आणि वरून पाणी सारखेच दिसते. पोहायला येणाऱ्यालाही ते दगा देतात. कोणी बुडताना दिसले तर भावनेच्या भरात पाण्यात उतरू नका. दोर, काठी, ओढणी, रिकामा प्लास्टिकचा डबा, जे हाती येईल ते टाका, ओरडून माणसे जमवा आणि 112 ला फोन करा. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला घट्ट मिठी मारतो. अशा वेळी एका ऐवजी दोन जीव जातात.

आईवडिलांना एक विनंती. सहलीला निघालेल्या मुलाला नुसते 'सांभाळून जा' म्हणू नका. कुठे जाणार, कोणाबरोबर, परत कधी, हे विचारा. मुलाने रागावून पाहिले तरी विचारा. कठडा नेहमीच थोडा आड येतो. तेच त्याचे काम आहे. आणि मुलांनो, घरच्यांना फोन करायचा तर पाण्यात उतरण्याआधी करा. ते 'नको' म्हणाले तर त्या शब्दाचा मान राखा.

या रविवारी मिस्सानंतर घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून एवढे ठरवावे: धोक्याचा व्हिडिओ आपण करणार नाही, दुसऱ्याचा पुढे पाठवणार नाही आणि कोणी कड्याकडे सरकताना दिसला तर संकोच न करता हाक मारू.

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, मंदिराच्या टोकावरून तू उडी टाकली नाहीस आणि आमच्यासाठी मात्र वधस्तंभावर चढलास. परदेशात व घरी पाण्याने, दऱ्यांनी ओढून नेलेल्या आमच्या लेकरांना तुझ्याजवळ विसावा दे. त्यांच्या आईवडिलांचे अश्रू पूस. आमच्या तरुणांना तुझ्या प्रेमाची खात्री दे, म्हणजे गर्दीच्या टाळ्यांची तहान त्यांना लागणार नाही. आणि आम्हा प्रत्येकाला दुसऱ्याच्या जिवासाठी कठडा होण्याची बुद्धी दे. आमेन.