डिझेल ना?

श्रीरामपुरात गाडी घेतोय म्हटलं की लोक रंग विचारत नाहीत. “डिझेल ना?” विचारतात, आणि त्या ‘ना’मध्येच उत्तर असतं. ट्रॅक्टर डिझेलवर, उसाचा ट्रक डिझेलवर, मग घरच्या गाडीनं काय पाप केलंय?

मी हिशोब मांडला. कोटेशनप्रमाणे डिझेल मॉडेल सव्वा लाखानं महाग. किलोमीटरमागे अडीच रुपये वाचतील असं धरलं, तर फरक भरून निघायला ५० हजार किलोमीटर. आमचं वर्षाचं चालणं आठ हजार. म्हणजे सहा वर्षं. तरी आण्णा म्हणाले, “डिझेलच घे. २०१२ला घेतली तेव्हा पस्तावलो का?”

नव्हतो पस्तावलो. तिथेच मी अडकले.

जून २०१०मध्ये सरकारनं पेट्रोलचे दर बाजारावर सोडले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४पर्यंत धरून ठेवले. कारण एसटी, ट्रक, ट्रॅक्टर. डिझेल महागलं की भाजी महागते. त्या स्वस्ताईचा भार सरकारी तिजोरीवर होता, आणि आम्ही तिच्यावर लग्नांना जायची कार चालवली. नियम मोडला नाही. पण रांग दुसऱ्यांसाठी होती आणि आम्ही मध्ये घुसलो, असं मला आता वाटतं. आण्णांना नाही वाटत. “पंपावर कुणी विचारलं का, कशात टाकणार म्हणून?”

त्याच २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर कॅन्सरला कारण ठरतो, असं जाहीर केलं. एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. नव्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तिला जुन्यांच्या माळेत ओवणं अन्याय होईल. शिवाय तेवढ्याच अंतराला डिझेल कमी जळतं. पण तो फिल्टर साफ राहायला गाडी अधूनमधून सलग, वेगात पळावी लागते. आमची पळणार घर ते मेन रोड.

पेट्रोल घेऊन मी सुटते असंही नाही. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही उसाचं. आणि ऊस किती पाणी पितो, हे भंडारदऱ्याच्या आवर्तनाची वाट बघणाऱ्यांना मी काय सांगायचं? टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, आणि माझी टाकी फुल.

तरी पेट्रोलच बुक करतेय. पाण्याचं भांडण निदान पाटावर, मीटिंगमध्ये भांडता येतं. मागून सायकलवर येणाऱ्याला माझ्या इंजिनाबद्दल कुणीच विचारत नाही.

आमची जुनी गाडी आम्ही गावातच विकली होती. परवा भावाच्या गाडीतून जाताना ती नेवासा रोडला पुढे दिसली. नंबर आण्णांनीच ओळखला. “अजून पळतीये बघ,” म्हणाले, कौतुकानं. तिनं गिअर बदलला, काळा लोट आला. कडेला शाळेची एक मुलगी सायकलवरून उतरली आणि तिनं ओढणी नाकाला लावली.

आण्णांनी काच वर केली.