पगार मागणं म्हणजे फळाची आसक्ती का?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७.

हा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, असा त्याचा भावार्थ.

माझ्या मावसबहिणीने पुण्यातली पहिली नोकरी सोडली आणि शेवटच्या महिन्याचा पगार अडकला. तिने दोनदा विचारलं, तेव्हा तिथले साहेब हसत म्हणाले, "तू तर गीता वाचतेस ना? मग फळाची अपेक्षा कशाला?" तिने मला फोन केला. "ताई, पगार मागणं ही आसक्ती आहे का गं?"

प्रश्न साधा नाही. मी दोन दिवस त्यावर विचार केला.

मला वाटतं, फळ वेगळं आणि मोबदला वेगळा. बढती, कौतुक, यश ही फळं. ती मिळतील किंवा नाही मिळणार. पण ठरलेला पगार म्हणजे काम झालं त्याच दिवशी मालकावर चढलेलं ऋण. आपल्याकडे वेतन संहिता, २०१९ हेच सांगते : महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत, आणि नोकरी सोडली तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण.

दुसरं म्हणजे, हा श्लोक स्वतःच्या मनाला सांगायचा आहे. दुसऱ्याचं देणं बुडवायला तो वापरता येत नाही. तिसऱ्या अध्यायाचा बारावा श्लोक पाहा. जो मिळालेलं भोगतो पण परत काही देत नाही, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. साहेबांनी हा श्लोक वाचलेला दिसत नाही!

आणि गीता सांगणारा कृष्ण युद्धाआधी स्वतः हस्तिनापुरात शिष्टाईला गेला होता. पांडव तर पाच गावांवरही समाधान मानायला तयार होते. हक्काचं मागणं भगवंतालाच कमीपणाचं वाटलं नाही, मग आपल्याला का वाटावं?

आपल्या मातीतलं उदाहरण सांगते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं रविवारची सुट्टी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांचं एक कारण होतं. १८९० साली ती सुट्टी मिळाली. मागणं आणि भक्ती एकाच तोंडून आली.

मग निष्काम कुठे राहायचं? तर मागण्याच्या पद्धतीत. द्वेष नको, शिवीगाळ नको. तारीख, रक्कम, नेमणूक पत्र जोडून लेखी मागायचं. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करायची. निकाल काय लागेल यावर झोप घालवायची नाही. तेवढं फळ मात्र खरंच आपल्या हातात नाही.

त्याच श्लोकाचा शेवट आपण बरेचदा विसरतो : काही न करण्याचीही ओढ नको. अन्याय दिसतोय, आपल्या मागून येणारा ज्युनिअर त्यातच अडकणार आहे, आणि आपण "जाऊ दे ना" म्हणतोय, तर ते वैराग्य नाही. ती भीती आहे, फक्त गंध लावून बसलेली.

आजचा संकल्प : आपलं नेमणूक पत्र आणि पगाराची स्लिप शांतपणे एकदा नीट वाचायची. आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचं काही देणं राहिलं असेल, तर ते आजच द्यायचं.

श्रीकृष्णार्पणमस्तु.