दुसऱ्याचे प्रारब्ध

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून गावे नुकती कोठे निजली असताना, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूमी हादरली व जवळजवळ दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर आमच्या या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, देवळाच्या ओट्यावर काय आणि कचेरीच्या व्हरांड्यात काय, ‘हे कोणत्या पापाचे फळ?’ हा प्रश्न वारंवार कानी पडे.

प्रश्न पुरातन आहे. भूकंपाच्या कारणांविषयीची मते सांगताना वराहमिहिराने जलातील महाकाय सत्त्वे, भूभाराने थकलेले दिग्गज आणि परस्परांवर आदळणारे वायू यांच्या पंक्तीस अदृष्टालाही बसविले आहे. १९३४ च्या बिहारमधील भूकंपाला महात्माजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे शासन म्हटले, तेव्हा त्या पापाचा तितकाच तिटकारा असलेल्या रवींद्रनाथांनी जाहीर आक्षेप घेतला. महात्माजींविषयी संपूर्ण आदर बाळगूनही मी या वादात रवींद्रनाथांच्या पक्षाचा आहे.

भारतीय भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या संथ गतीने उत्तरेस सरकत आशिया खंडाला रेटीत असतो आणि त्या रेट्याचा काही अंश दख्खनच्या पठाराखालीही साठत राहतो. किल्लारीपाशी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर तीनशे मीटरांहून अधिक जाड आहेत, आणि त्यांच्या तळाशी त्यांहून कितीतरी प्राचीन पाषाण आहे. हा पाषाण ताण येताच भंगत नाही. तो युगानुयुगे किंचित किंचित वाकतो, ती विकृती आपल्या ठायी साठवितो, आणि जुन्या विभंगावरील घर्षण त्या ताणापुढे अपुरे पडले, की काही क्षणांत एक बाजू दुसरीवर चढून जाते. या जमाखर्चात कोणत्याही गावाच्या सदाचाराची वा दुराचाराची नोंद नाही.

तथापि मृत्यू आला तो कोसळलेल्या भिंतींच्या रूपाने. ज्या जातीच्या काळ्या पाषाणात आठव्या शतकात वेरूळचे कैलास लेणे अखंड कोरले गेले, तोच दगड चिखलात रचून ही घरे उभी राहिली होती. जाडजूड भिंतीच्या आतबाहेर दगडांच्या दोन रांगा, मध्ये गोटे आणि माती, दोन्ही रांगांना आरपार सांधणारा दगड नाही. वर गारव्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे थर चढविलेले धाबे. हादऱ्यासरशी त्या रांगा एकमेकींपासून सुटल्या. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला व त्याच्या पायथ्याशी कुटुंब गाडले गेले, तर कुडाच्या झोपड्या बहुधा वाचल्या. कष्टाने चार पैसे जोडून भक्कम घर बांधणे हे जर पाप असेल, तर पुण्य कशाला म्हणावे?

लिस्बनच्या १७५५ च्या भूकंपानंतर रूसोने व्हॉल्तेअरला लिहिले होते, की तेथील सहा-सात मजल्यांची दाटीची घरे काही निसर्गाने बांधली नव्हती. मला हे पटते. परंतु तेही जपूनच बोलावे लागते. आदल्याच वर्षी किल्लारीला धक्के जाणवले असले, तरी तेव्हाच्या नकाशात तो मुलूख भूकंपदृष्ट्या सर्वांत निर्धोक वर्गात गणला जात असे. मग गावच्या गवंड्याला बोल लावणे हा न्याय कसला?

सर्वस्व गमावलेल्या बाईने ‘माझे भोग’ म्हणून कपाळाला हात लावला, तर त्या शब्दांत तिला पुन्हा उभे राहण्यापुरता आधार सापडतो, आणि तो हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही भूशास्त्रज्ञाला नाही. तेच शब्द सुरक्षित ओट्यावर बसलेल्याने तिच्याविषयी उच्चारले, की त्यांचा निवाडा होतो. कर्मसिद्धान्त स्वतःच्या आचरणाची झडती घेण्यासाठी आहे. शेजाऱ्याच्या ढिगाऱ्यावर उभे राहून त्याचा दाखला देणाऱ्याला मी धार्मिक मानावयास तयार नाही. महसूल खात्याच्या रुक्ष पंचनाम्यात भिंत किती पडली, जनावरे किती दगावली, मयत किती, एवढेच विचारले जाते, मयताचे पापपुण्य विचारले जात नाही. आणि त्या विचारपुशीत मला या सर्व चर्चेहून अधिक धर्म आढळतो.