खाणकामगाराची लेक

अमेरिकन कंट्री गायिका लोरेटा लिनचा जन्म १९३२चा, केंटकीच्या डोंगरातल्या बुचर हॉलो या वस्तीतला. बाप कोळशाच्या खाणीत राबायचा. घराच्या भिंतींना मासिकांची पानं चिकटवलेली होती. लोरेटा यंग या नटीचं नाव आईने पोरीला ठेवलं. पंधराव्या वर्षी लग्न, विशी गाठेपर्यंत पदरात चार मुलं. नवऱ्याने १७ डॉलरची गिटार आणून दिली, ती तिची तीच वाजवायला शिकली. १९६०मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा दोघं जुन्या गाडीत झोपून, पावावर दिवस काढत, एकेका रेडिओ केंद्राचं दार ठोठावत फिरले. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाच्या मंचावर ती उभी राहिली.

गाण्यासाठी तिला विषय शोधावे लागले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. गिटार देणारा नवरा पिऊन घरी येई, बाहेरख्यालीही होता. तेही गाण्यात आलं. तरी त्याच्या मरणापर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, तिने संसार केला. या गुंत्याचा सोपा निवाडा करू नये.

१९७०चं ‘कोल मायनर्स डॉटर’ हे गाणं म्हणजे तिचं बालपण. धुण्याच्या फळीवर कपडे घासून घासून आईच्या बोटांतून रक्त येई, हेही त्यात आहे. अमेरिकेने ते गाणं काळजाशी धरलं. त्याच नावाचं आत्मचरित्र आलं, पुढे १९८०मध्ये चित्रपट निघाला, आणि लोरेटाची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं.

मात्र १९७५मध्ये ‘द पिल’ आलं आणि कितीतरी रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचं नाकारलं. रेकॉर्डिंग १९७२चंच, कंपनीने ते तीन वर्षं दाबून ठेवलेलं. शब्द दुसऱ्यांचे होते, भोग मात्र तिचे: वर्षामागून वर्ष पोटुशी राहिलेली बायको नवऱ्याला सांगते, आता माझ्याकडे गर्भनिरोधक गोळी आहे. आईची रक्ताळलेली बोटं ऐकून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांना तिच्याच लेकीचं बाळंतपणाला कंटाळणं अश्लील का वाटावं? गरिबीच्या आठवणी ऐकणाऱ्याकडून काही मागत नाहीत. ही बाई मागत होती, तेही आत्ताच्या आत्ता, स्वतःच्या घरात.

बंदी असूनही गाणं कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. लोरेटा सांगायची, की खेड्यापाड्यांतले डॉक्टर तिला भेटून म्हणत, आमच्या संततिनियमनाच्या माहितीपत्रकांनी झालं नाही ते तुमच्या या गाण्याने झालं.