निषेध आणि दंड : गांजाच्या प्रश्नाचा विचार

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोहाडी हे तालुक्याचे गाव लागते. धानाची शेती, कोशाचे विणकाम आणि रानातला मोह यांवर या परिसराचे जीवन पिढ्यान् पिढ्या चालत आले. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळू लागली की बाया पहाटे टोपल्या घेऊन निघतात. ते फूल वाळवून खातात, गुरांपुढे घालतात, आणि त्याचीच दारूही गाळतात. फूल एक, पण त्याचे भोजनही होते आणि व्यसनही होते. शासनाने दीर्घकाळ या फुलाच्या साठवणीवर निर्बंध ठेवले आणि २०२१ मध्ये ते शिथिल केले. ते निर्बंध असतानाही दारू गाळणारा गाळीतच होता. अडचण होत असे ती पोटासाठी फुले वेचणाऱ्याची. गांजाविषयी आज देशात जो वाद चालला आहे, त्याचे मूळ मोहाडीच्या माणसाला या एका फुलावरून समजण्यासारखे आहे.

गांजाचे सेवन अपराध मानावे की मानू नये, त्याचा व्यापार खुला करावा की करू नये, हा तो वाद. त्यात प्रथम लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की वनस्पती प्रपंचात मोडते, आणि प्रपंच जड आहे. जडाला पापपुण्य नाही. तरी १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने एकाच झाडाचे दोन भाग केले : फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस हे निषिद्ध, शेंड्यांपासून वेगळे असलेले पान व बी मात्र त्या व्याख्येबाहेर. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पानाला अशीच सूट होती. म्हणून भांगेचा प्रश्न राज्यांकडे राहिला. काही राज्यांत तिची परवानाधारक दुकाने आहेत, तर महाराष्ट्रात दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्याने तिच्यावरही नियंत्रण ठेवले. पान निर्दोष आणि फूल सदोष, हा भेद वनस्पतीच्या स्वभावातून पुरता निघत नाही. तो बराचसा करार करणाऱ्यांच्या सोयीतून निघाला आहे. दोष शोधायचाच असेल तर तो पानातही नाही, फुलातही नाही. तो जीवाच्या प्रवृत्तीत शोधावा लागतो.

हा प्रश्न आजचाही नव्हे. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातील गांजाविषयी विचारणा झाली आणि त्याच वर्षी सात सदस्यांचा एक आयोग नेमण्यात आला. त्यांतील तिघे भारतीय होते. आयोगाने ११९३ साक्षी नोंदविल्या. भंडारा त्या काळी मध्यप्रांतात होता, आणि मध्यप्रांताचा गांजा निमाड जिल्ह्यात खंडव्याकडे सरकारी देखरेखीखाली पिकत असे. त्याची विक्री परवान्याने होई आणि कर तिजोरीत जाई. १८९४ च्या अहवालात आयोगाने असे मत दिले की मर्यादित सेवनाने सर्वसाधारणपणे हानी होत नाही, अतिसेवनाने होते. संपूर्ण बंदी आवश्यक नाही आणि हितावहही नाही. कर व परवाने यांनी नियंत्रण ठेवावे. आजचे सुधारणावादी या अहवालाचा दाखला मोठ्या उत्साहाने देतात. देताना एवढे विसरतात की बंदी नको म्हणणाऱ्या त्या राज्यकर्त्यांना गांजाचे उत्पन्नही हवे होते. साक्षी खऱ्या असतील, पण साक्षी ऐकणारा सर्वस्वी निरपेक्ष होता असे म्हणता येत नाही.

आता आचाराकडे वळावे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मार्गात मादक द्रव्याचा निषेध आहे, याविषयी भिक्षुकांत वा वासनिकांत दुमत नाही. परंतु निषेधाचे कारण नीट ध्यानात घेतले पाहिजे. वैद्य म्हणतो, फुप्फुस बिघडते, लहान वयात लागलेले अतिसेवन मनोविकाराचा धोका वाढविते. ते खरेच आहे. पण मार्गाचा निषेध फुप्फुसापाशी थांबत नाही. साधकाचे सर्व धन म्हणजे स्मरण. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांच्या ठायी चित्त लावणे हीच त्याची नित्याची मिळकत. आणि मादक द्रव्य नेमके तेच हिरावून घेते. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण प्रमाद, आळस व निद्रा यांनी बांधतो असे सांगितले आहे. चिलमीचा धूर या तिन्ही दोरांनी एकदम बांधतो. चिलीम ओढल्याने ध्यान लागते असे म्हणणारे साधू आपल्या देशात काही थोडे नाहीत. परंतु ज्या अवस्थेत ध्येयाचाच विसर पडतो तिला ध्यान कसे म्हणावे, याचे उत्तर त्यांच्याकडून मिळत नाही.

या ठिकाणी पूर्वपक्ष असा उभा राहतो : जे निषिद्ध आहे ते दंडनीय असलेच पाहिजे, शासन दंड देते ही धर्माला मदतच होते, म्हणून दंड काढा म्हणणारा उपदेशी आचार पातळ करतो. पुष्कळ सज्जन वासनिक असे मानतात आणि त्यांच्या मनात केवळ मुलाबाळांची काळजी असते. त्या काळजीचा अनादर करण्याचे कारण नाही. तरीपण हा पूर्वपक्ष टिकत नाही.

निषेध अधिकारपरत्वे असतो. भिक्षुकाला जे वर्ज्य ते सर्वच वासनिकाला वर्ज्य नाही; वासनिकाला जे वर्ज्य ते ज्याने उपदेश घेतला नाही त्याच्यावर लादलेले नाही. जीवाने जाणून, स्वेच्छेने त्याग करावा अशी या आचाराची घडण आहे. भयाने सोडलेले व्यसन भय गेले की परत येते, आणि तोवरही जीवाच्या खाती त्याग म्हणून जमा होत नाही. राजदंडाला अधिकारभेद कळत नाही; तो सर्वांवर सारखा पडतो. म्हणून दंडाचे माप निषेधाच्या मापाहून निराळे असावे लागते. निषेध विचारतो : या कर्माने जीवाचे काय होते? दंडाने विचारावे : या कर्माने दुसऱ्याचे काय झाले? आणि अहिंसा ज्यांच्या आचाराचा पाया आहे त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. दंड हेही जीवाला दिलेले दुःख आहे. ते दुःख देण्याइतके कारण येथे आहे काय?

कायद्याचे माप पाहावे. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ समजला जातो. तो बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. केवळ सेवनासाठीही सहा महिन्यांपर्यंत कारावास सांगितला आहे. वीस किलोंहून अधिक असल्यास दहा ते वीस वर्षे. मोठ्या व्यापाऱ्याविषयी येथे दयेचा प्रश्न नाही. ओडिशा व आंध्रच्या डोंगरी सीमाभागातून रायपूरमार्गे नागपूरकडे माल नेणाऱ्याचा रस्ता भंडारा जिल्ह्यातूनच जातो, आणि तो काही स्मरण चुकलेला दुर्बळ जीव नसतो. तो हिशेब करून निघालेला असतो. परंतु मोहाडी वा आंधळगावच्या एखाद्या विणकराच्या मुलाजवळ दोन पुड्या सापडल्या तर काय होते? भंडाऱ्याच्या न्यायालयाच्या फेऱ्या, वकिलाची फी, आईच्या अंगावरचे डोरले सावकाराकडे, आणि शेवटी शिक्षा झाली नाही तरी नावामागे लागलेली नोंद. पुढे त्याला कामावर कोणी ठेवीत नाही, सोयरीक जुळत नाही. मग चिलमीच्या सोबत्यांवाचून त्याला सोबती उरत नाही. सुटण्यासाठी दिलेल्या दंडाने तो अधिकच बांधला जातो.

त्याच गावात परवान्याची देशी दारू मिळते. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात मादक पेये व मादक द्रव्ये ही दोन्ही शब्दशः जवळजवळ आहेत. शासनाने मात्र एकाला अपराध ठरविले आणि दुसऱ्याला महसूल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि भांग, गांजा, चरस मिळून सेवन करणारे सुमारे ३ कोटी १० लक्ष आढळले. ज्या घरांत रात्री मारझोड होते त्यांतील किती घरे गांजाची आणि किती दारूची, हे भिक्षेसाठी दारोदार फिरणाऱ्या भिक्षुकाला पाहणीवाचूनही ठाऊक असते. यावरून गांजा चांगला ठरत नाही. दंड देणाऱ्याचा तराजू एका बाजूला झुकलेला आहे, एवढेच ठरते.

मग व्यापारही खुला करावा काय? सुधारणावाद्यांशी येथे फारकत घ्यावी लागते. सेवन करणाऱ्याला दंडमुक्त करणे आणि विकणाऱ्याला दुकान मांडून देणे या दोन गोष्टी वादात नेहमी एकत्र बांधल्या जातात. त्या सोडवून पाहिल्या पाहिजेत. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरते अल्प प्रमाण बाळगणे अपराधातून काढले, अशा माणसाला न्यायालयाऐवजी वैद्यक व समाजकार्य जाणणाऱ्यांच्या समितीपुढे नेले, आणि व्यापार मात्र अपराधच ठेवला. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतूनच काढला. गल्लोगल्ली दुकाने निघाली. आणि जून २०२५ मध्ये त्याच देशाला वैद्याच्या चिठ्ठीवाचून विक्री नको असा नियम करावा लागला. दुकानदाराचे हित गिऱ्हाईक वाढण्यात असते, आणि या मालाचे खरे गिऱ्हाईक म्हणजे ज्याला सोडता येत नाही तो. दुसऱ्याच्या दुर्बलतेवर ज्याचे पोट चालते त्याच्या व्यवहाराला शासनाचा शिक्का मिळावा, हे आचाराच्याच काय, साध्या लोकनीतीच्याही दृष्टीने पटत नाही. दारूच्या परवान्यांनी काय साधले ते आपल्या डोळ्यांपुढे आहे.

औषधाची गोष्ट वेगळी. आयुर्वेदात विजया या नावाने ही वनस्पती विषारी द्रव्यांत गणून, शोधन करून, वैद्याच्या देखरेखीखाली योजिली जाते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात हिला अत्यंत कडक सूचीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, त्यात भारताचे मत ठरावाच्या बाजूने होते. रोग्याच्या औषधाला कोणी आडवे येऊ नये.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांना परिचित आहे. पारध्यांच्या तावडीतून सुटलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन बसला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरण आलेल्याला दिले नाही, आणि पारध्यांवर हातही उगारला नाही. बोलण्याने त्यांची वृत्तीच पालटली. या लीळेत रक्षण आणि उपदेश एकाच ठिकाणी आहेत, दंड कोठेच नाही.

नवल असे की १९८५ च्या त्याच कठोर कायद्यात पुढे घातलेल्या ६४-अ या कलमात शरण येण्याची एक लहानशी वाट आहे. जो व्यसनाधीन मनुष्य सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या अपराधात सापडला असेल आणि स्वेच्छेने शासकीय वा शासनमान्य संस्थेत उपचार घेईल, त्याच्यावरील खटल्याला त्या कलमाने प्रतिबंध केला आहे. मोहाडीसारख्या गावातील आईबापांना हे क्वचितच कोणी सांगते. ते प्रथम पोलिसांना भितात, नंतर वकिलाकडे धावतात. उपदेशी घरांतून आणि आश्रमांतून ही माहिती जाणे सहज शक्य आहे. अट एकच आहे : उपचार अर्ध्यावर सोडला तर मिळालेली मुक्ती काढून घेता येते. म्हणून मुलाला रुग्णालयाच्या दारापर्यंत सोडून परतणे पुरत नाही. उपचार पुरा होईपर्यंत कोणीतरी त्याच्यासोबत जात राहावे लागते, आणि ते काम बहुधा त्याला प्रथम रागावलेल्यांनाच करावे लागते.